बायरन आठवला, अवगेरियन राहून गेले

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला व्हेनिसवरचा लेख आवडला. १८१६ साली लॉर्ड बायरन सान लाझारो बेटावरच्या आर्मेनियन मठात त्यांची भाषा शिकायला जात असे, हे त्यात आले. पण त्याला शिकवणारे फादर हारुत्युन अवगेरियन यांचे नाव कुठेच नाही, आणि १७८९ साली तिथे सुरू झालेल्या छापखान्याचाही उल्लेख नाही. वाईट वाटले.

मी फोर्टातल्या छापखान्यात एकतीस वर्षे प्रुफे तपासली. मेडोज स्ट्रीटवरच्या १७९६ सालच्या आर्मेनियन चर्चवरून रोजचा रस्ता. त्यातूनच या लोकांच्या छपाईचा नाद लागला.

सान लाझारोच्या मठाने १८८२ साली बाराव्या शतकातले आर्मेनियन धर्मगुरू संत नेर्सेस यांची चोवीस कडव्यांची प्रार्थना एका पुस्तकात छत्तीस भाषांत छापली. छत्तीस भाषांची प्रुफे! एका मराठी पानात ऱ्हस्व-दीर्घ शोधताना माझे डोळे दुखत, म्हणून त्या माणसांपुढे मी हात जोडतो. मठातल्या विद्वानांनी होमर, व्हर्जिल, मिल्टन ग्रांथिक आर्मेनियनमध्ये आणले. तिकडे स्मिर्नात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरमध्ये, देदेयान बंधूंच्या छापखान्यातून ह्यूगो, द्युमा यांच्या फ्रेंच कादंबऱ्या बोलीच्या जवळच्या भाषेत निघू लागल्या आणि घराघरांत वाचल्या गेल्या.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती १८१८ सालची गोष्ट. चर्चचा इतिहासकार युसेबियस याच्या चौथ्या शतकातल्या 'क्रॉनिकल' या जगाच्या कालक्रमाच्या ग्रंथाचे मूळ ग्रीक पुस्तक हरवलेले. त्याचा जुना आर्मेनियन अनुवाद हाती लागला, तो मठातल्याच दुसऱ्या अवगेरियन यांनी, म्कर्तिच यांनी, लॅटिन भाषांतरासह या बेटावर छापला. ग्रंथाचा पहिला भाग आज आपल्याला कळतो तो मुख्यतः त्या अनुवादामुळेच. अनुवाद करणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका बंगाली कादंबरीच्या मराठी अनुवादाचे मुखपृष्ठ माझ्याकडे तपासायला आले. अनुवादिकेचे नाव नव्हते. समासात मी लाल शाईने 'नाव राहिले' असे लिहिले. प्रूफ परत आले तेव्हा माझी खूण खोडून बाजूला 'जागा नाही' असे लिहिले होते. मूळ लेखकाचे नाव मात्र अर्धे पान व्यापून होते. त्या बाईंनी दोन वर्षे खपून ते काम केले होते.

आपल्या 'नवी पुस्तके' सदरात गेल्या महिन्यात तीन अनुवादित पुस्तके आली. अनुवादकाचे नाव एकाचेही नाही. पृष्ठे आणि किंमत ज्या ओळीत छापता, त्याच ओळीत ते छापावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, डोंबिवली