गाडीतून पाठवलेला ईसीजी उघडतं कोण?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नागपुरात अकरा वर्षांपासून रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक म्हणून काम करतो. सुरुवातीच्या दिवसांत पत्ता म्हणजे फोनवरचा आवाज असायचा. "मारुतीच्या मंदिरामागून या, पिंपळापाशी उभा हावो, लवकर या ना जी!" त्या गावात मारुतीची मंदिरं दोन निघायची आणि पायलट, म्हणजे आमचा ड्रायव्हर, अंधारात गाडी मागे घेत बसायचा. आता ठिकाण थेट मोबाइलच्या नकाशावर येतं. यात वाचलेली मिनिटं मी डोळ्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे हे पत्र टॅब किंवा जीपीएसच्या विरोधात नाही.

माझं म्हणणं एवढंच की आम्ही गाडीतून जे पाठवतो, ते पलीकडे रुग्णालयात कुणी घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात काटोल रोडकडच्या एका गावातून कॉल आला. पन्नाशीचा शेतकरी, घामाने भिजलेला, जबडा दुखतोय म्हणत होता. ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. अशा रुग्णाला छातीदुखीवरची जिभेखालची गोळी सरसकट देता येत नाही. हृदयाची उजवी बाजूही अटॅकमध्ये सापडली असेल तर या गोळीने बीपी एकदम कोसळतं. अशा क्षणी अनुभवी डॉक्टरांनी तो कागद बघून "गोळी नको, सलाइन लाव, सरळ इकडे आण" एवढं सांगितलं, तरी माझ्या हातांना बळ येतं. टॅबवरून ईसीजी पाठवला. 'पाठवला गेला' असं स्क्रीनवर आलं. उत्तर आलं नाही.

कॅज्युअल्टीत पोहोचलो तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना आम्ही येतोय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्यासमोर आधीच गर्दी होती, त्यांना दोष देणार नाही. त्यांनी पहिल्यापासून सगळं विचारलं, ईसीजी पुन्हा काढला, मग पुढची धावपळ सुरू झाली. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत, आणि अँजिओप्लास्टी करायची तर दीड तासाच्या आत, असं आम्हाला शिकवतात. आमचा ईसीजी कुणी वेळेत उघडला असता, तर ही तयारी आम्ही रस्त्यात असतानाच झाली असती.

तो माणूस वाचला का, हे मला माहीत नाही. कळायला मार्गच नाही. कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोहोचली, याची सेकंदासकट नोंद वर जाते आणि उशीर झाला तर विचारणाही होते. पण रुग्णाला अखेर काय निघालं, आमचं निदान बरोबर होतं की चूक, हे कधीच खाली येत नाही. चूक कळली नाही तर पुढच्या वेळी सुधारायचं कसं, साहेब?

टॅबबद्दलही एक सांगायचं आहे. नागपूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. पारा 45 च्या वर जातो आणि रस्त्यावर काम करणारे मजूर बेशुद्ध होऊन पडतात. उष्माघातात पहिलं काम शरीर थंड करण्याचं. कपडे सैल करायचे, पाणी शिंपडायचं, वारा घालायचा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावायचा. मागे मी एकटा असतो. त्याच वेळी फॉर्ममधले रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दोन हातांपैकी एक हात टॅबला द्यावा लागतो, तेव्हा रुग्णाच्या वाट्याला एकच उरतो. नोंद हवीच, पण ती मॉनिटरवरून आपोआप का उतरू नये? बीपी, नाडी, ऑक्सिजन हे आकडे यंत्राकडे असतातच. मी ते पुन्हा बोटाने टाइप करतो. आणि रामटेकच्या पुढे देवलापारच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की भरलेला फॉर्म अडकून बसतो. रेंज नसताना साठवेल आणि आल्यावर पाठवेल असं ॲप आज अवघड राहिलेलं नाही.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि तो आमच्या नागपुरातून सुरू होतो. तिथले अपघात वेगाचे असतात, जखमा आत लपलेल्या असतात. तिथून निघालेल्या गाडीचा निरोप रुग्णालयात आधी पोहोचणं किती मोलाचं आहे, हे मी वेगळं सांगत नाही.

माझी विनंती मोठ्या खरेदीची नाही. ज्या रुग्णालयांत आम्ही गंभीर रुग्ण नेतो, तिथे प्रत्येक पाळीत एका डॉक्टरांच्या नावावर हे काम लिहून द्या: गाडीतून आलेला ईसीजी पाच मिनिटांत बघायचा, उत्तर द्यायचं, आणि कॅज्युअल्टीला कळवायचं. ड्युटीच्या तक्त्यात नाव असलं की विचारता येतं. दुसरं, रुग्ण दाखल झाल्यावर त्याचं अंतिम निदान आणि तो घरी गेला की नाही, एवढ्या दोन ओळी आमच्या टॅबवर परत येऊ द्या. सुरुवात नागपुरापासून करा, येत्या उन्हाळ्याच्या आधी.

काटोल रोडच्या त्या कॉलचा नंबर मी वहीत लिहून ठेवला आहे. आपल्या कार्यालयाने मागितला तर लगेच देईन.

आपला नम्र,
नागपुरातला एक पॅरामेडिक