मामा, ते 3.4 व्होल्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र उघड लिहितोय, कारण समोर येऊन आभार मानायला गेलो तर तुम्ही "ऱ्हाऊ दे ओ सर, काय त्यात" म्हणून पुढची गाडी ओढणार. त्या दिवशी तेच केलंत. मी पाकीट काढेपर्यंत तुम्ही कुणाच्या तरी स्कूटरचा हॉर्न खोलून बसला होता. हे तुम्हाला भाचा वाचून दाखवेल. त्याचंही नाव न घेता कौतुक पुढे आहे, तेव्हा मधलं काही गाळायचं नाही असं त्याला सांगा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या गाडीदुरुस्तीच्या टपरीसमोर मी मोटारसायकल ढकलत आणली तेव्हा माझी अवस्था तुम्ही पाहिलीच होती. दोन महिने ती गाडी मला नाचवत होती. गाडी 2021 ची. 1 एप्रिल 2020 पासून धुराचा नवा नियम बीएस-6 आलं आणि साध्या गाड्यांचाही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला, त्यातली. किक नाहीच. बटण दाबलं तर सुरू, नाहीतर आपण आणि आपलं नशीब. सकाळी थंड असताना किंवा पाऊस पडून गेल्यावर ती हमखास रुसायची. स्टार्टर जोरात फिरायचा, इंजिन काही पेटायचं नाही. मग मी धक्का मारायचो आणि दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की पहिल्या झटक्यात सुरू. त्यामुळे मला उतार शोधायची सवय लागली. टेंबलाईच्या उतारावर एका मित्राच्या दारात गाडी लावून मी चालत घरी यायचो, आणि लोक विचारायचे की व्यायाम सुरू केलाय काय. पन्हाळ्याला गेलो तेव्हा बायको म्हणाली, देवदर्शनापेक्षा तुमचं उताराकडंच लक्ष जास्त आहे.

सर्व्हिस सेंटरमध्ये काय झालं ते तुम्हाला तुकड्यातुकड्यानं सांगितलंय. आधी बॅटरी बदलली. चार दिवस बरी वाटली, पाचव्या दिवशी परत तेच. मग प्लग. मग इंजिनाची गती मोजणारा क्रँक सेन्सर, कारण मशीन जोडल्यावर दोषाचा कुठलातरी कोड आला होता. तोही बदलून झाल्यावर मला बोलावून गंभीर चेहऱ्यानं सांगण्यात आलं की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारं कॉम्प्युटर-डोकं, गेलाय, 11,500 रुपये होतील, मागवायला आठ दिवस. ती पोरं लबाड होती असं मी म्हणणार नाही. कोड आला की तो पार्ट बदलायचा एवढंच त्यांना शिकवलेलं असावं. पण त्या दिवशी मला जी चीड आली ती स्वतःची होती. मी तंत्रनिकेतनात अकरा वर्षं ओहमचा नियम शिकवतो, मामा. फळ्यावर व्ही बरोबर आय आर लिहितो, पोरांना उदाहरणं घालतो. आणि माझ्याच गाडीपुढं मी धक्का मारणारा गडी.

व्होल्ट मोजायचा मीटर माझ्याकडेही होता. घरी मी फ्यूजवर मोजून पाहिलं होतं. चावी चालू करून फ्यूजच्या पायावर मीटरची टोकदार वायर, म्हणजे प्रोब, टेकवला, 12.3 व्होल्ट आले. म्हटलं सप्लाय ठीक आहे, म्हणजे दोष पुढं आहे. हे मी तुम्हाला मोठ्या ऐटीत सांगितलं. तुम्ही हसला नाहीत, हे तुमचे उपकार.

तुम्ही गाडीला हातही न लावता विचारलंत, "पडली होती का कुठं?" नाही म्हटलं. (गाडी आडवी झाली की पडल्याचा सेन्सर पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही तोडतो, आणि चावी बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सोडत नाही, हे मला तुमच्याकडे कळलं.) स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, लाल किल स्विच, हे तुम्ही अर्ध्या मिनिटात उरकलंत, कारण स्टार्टर फिरतोय म्हणजे त्यांचं फारसं भांडण नाही. मग म्हणालात,

"धक्क्यानं चालू हुत्या न्हवं?"

"पहिल्या झटक्यात."

"मग ईसीयूला कशाला बदनाम करताय? मेलेलं माणूस धक्का मारला म्हणून उठून चालतंय व्हय?"

मामा, त्या वाक्यापाशी मी दोन महिने पोचलो नव्हतो. धक्क्यानं सुरू होणाऱ्या गाडीत पंप चालतोय, इंजेक्टर उडतोय, ठिणगी पडतेय, क्रँक सेन्सर गती सांगतोय आणि ईसीयू हे सगळं जुळवतोय. बॅटरी अगदीच मेलेली असती तर इंजेक्टरची गाडी धक्क्यालाही दाद देत नाही, कारण पंपालाच वीज हवी. म्हणजे एका धक्क्यानं पाच भाग निर्दोष सुटत होते, आणि त्यातले तीन मी पैसे देऊन बदलून बसलो होतो किंवा बदलणार होतो. धक्का आणि बटण यांत फरक एकच, बटण दाबलं की स्टार्टर वीज ओढतो.

मग तुम्ही भाच्याला हाक मारलीत आणि शेजारच्या लेथवाल्याला मशीन मिनिटभर बंद करायला लावलंत. उद्यमनगरात शांतता मागणं म्हणजे रंकाळ्यावर भेळेची गाडी हटवायला सांगण्यासारखं, पण तो थांबला. "चावी फिरवा. आता गप." टाकीतून पेट्रोलच्या पंपाचा घूं आवाज दोनेक सेकंद आला आणि थांबला. डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा वर जाऊन खाली आला. इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला. "हितवर बरं हाय," म्हणालात. मग भाच्यानं स्टार्टर दाबला. "पाच सेकंदांच्या वर न्हाई, मोटार तापत्या." आणि तुम्ही माझं लक्ष डॅशबोर्डकडे वळवलंत. बटण दाबताच दिवे विझले, आणि सोडताच काटा पुन्हा वर जाऊन खाली आला, पंप पुन्हा घूं.

"बघितलासा? काटा परत नाचला. म्हंजे डोकं झोपलं आणि परत उठलं."

दोन महिने रोज सकाळी तो काटा माझ्या डोळ्यांसमोर दोनदा नाचत होता. मला वाटायचं, गाडीची स्टाइल आहे.

पुढची वीस मिनिटं मी वर्गात सांगतो तशीच इथं सांगणार आहे, कारण आभार मानायचे आहेत ते याच वीस मिनिटांचे. बॅटरीवर मीटर: नुसती असताना 12.6, स्टार्टर फिरताना 10.6. नव्या बॅटरीला शोभेल असं. मग तोच मीटर ईसीयूच्या फ्यूजवर, चावीच्या पुढच्या बाजूला. नुसता असताना माझा तोच ऐटबाज 12.3. स्टार्टर दाबला आणि 7.2. तुम्ही पाटीवर खडूनं दोन आकडे एकाखाली एक लिहून वजाबाकी केलीत आणि माझ्याकडे बघत म्हणालात, "ह्ये 3.4 व्होल्ट मधल्या मधी कोण खाल्लं? त्याला धरायचं."

मी विचारलं की मग नुसता असताना 12.3 कसा दाखवतो. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी या सत्रात तीन तुकड्यांना सांगितलंय: "सर, तालमीभाईर उभारला की कुठलाबी पैलवान तालेवारच दिसतोय. मातीत उतरवा, मग कळतंय." आमच्या भाषेत, डिजिटल मीटरचा आतला रोध दहा मेगाओहमच्या घरात असतो, तो वीज ओढतच नाही. तारेचा एकच केस शिल्लक असला तरी तो बारा व्होल्ट दाखवणार. पंप, ठिणगीची कॉइल, इंजेक्टर आणि स्टार्टरला वीज जोडणाऱ्या रिलेची कॉइल मिळून सात-आठ अँपिअर ओढायला लागले, की 0.4 ओहमचा खराब सांधाही तीन व्होल्ट गिळतो. हे गणित मी झोपेत करतो. फक्त गाडी उभी असताना मोजून बसलो होतो.

मातीत उतरवायला तुमच्याकडे जुन्या हेडलाइटचा 35 वॅटचा बल्ब होता, दोन वायरी आणि दोन चिमटे लावलेला. तीनेक अँपिअर ओढतो. तो फ्यूजचा पाय आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्ये लावला तेव्हा पिवळसर, मलूल पेटला. थेट बॅटरीवर पांढराशुभ्र. आकडे न वाचता येणाऱ्यालाही कळावं. सेन्सरच्या आणि ईसीयूच्या बारीक वायरींना मात्र हा बल्ब कधी लावायचा नाही, असं तुम्ही मला बोट दाखवून बजावलंत. ईसीयूचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, चावी चालू असताना ओढायचा नाही, हेही. त्या सूचनाही मी वर्गात देतो.

मग तुकडे पाडणं. मीटरचा लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर कायम, काळा एकेक ठिकाण पुढं सरकवत, म्हणजे मीटर वाटेत गळालेले व्होल्ट दाखवणार, दर वेळी भाचा स्टार्टर दाबतोय. बॅटरीपासून चावीपर्यंत 0.2. चावीच्या आतून बाहेर आल्यावर 0.3, म्हणजे चावी बिचारी 0.1 खातेय. हेडलाइटच्या मागच्या कपलरपर्यंत तेवढंच. कपलरच्या पलीकडे टाचणी टोचून मोजलं आणि एकदम 3.3. त्यापुढं फ्यूजपर्यंत फक्त 0.1. भाच्यानं हँडल डावीकडे ओढलं तसा आकडा आणखी वर चढला, आणि त्यानंच आधी "मामा, घावला!" म्हणून ओरडून टाकलं. पोरगं हुशार आहे. माझ्याकडे पाठवा, फी मी बघतो.

कपलर सुटला तेव्हा एक पिन हिरवी पडलेली होती आणि तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं. तुम्ही ती नखानं खरवडून विचारलंत, "पाण्यानं धुताय का हिला, पाईप मारून?" मारतो, दर रविवारी. गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यावर केलेला चिखल आणि माझी गाडी चकचकीत ठेवायची हौस. वॉशिंगवाल्याला मीच सांगायचो, हेडलाइटच्या मागं नीट मार. 2019 च्या पुरातही जिला कधी पाणी लागलं नसतं अशा जागी मी स्वतः प्रेशरनं पाणी घातलं होतं. सर्व्हिस सेंटरवर रागावण्याची माझी निम्मी हौस तिथंच उतरली.

टेप गुंडाळून तुम्ही मला वाटेला लावू शकला असता. तुम्ही वायर चांगल्या तांब्यापर्यंत कापलीत, नवी पिन दाबून बसवलीत, ओढून बघितलीत, कपलरात थोडं ग्रीस भरलंत आणि वायरींच्या जुडग्याला (हार्नेसला) हँडलसोबत वळायला जागा ठेवून बांधलात. परत मोजलंत. कपलरवर 0.05, स्टार्टर फिरताना फ्यूजवर 10.2. बटण दाबलं, काटा एकदाच नाचला आणि गाडी सुरू. लेथवाल्यानंही मान हलवली आणि मशीन चालू केलं.

तुम्ही 150 रुपये सांगितलेत. मी 500 ची नोट पुढं केली तर म्हणालात, "पिन पाच रुपयाची, बाकी बघायचं. बघायचं काय पैसं घ्यायचं?" यावर माझं तुमच्याशी भांडण आहे, मामा. मला पगार नुसतं बघायला आणि दाखवायलाच मिळतो. तुम्ही बघण्याचे पैसे घेत नाही, म्हणूनच बाहेर न बघता पार्ट बदलणं स्वस्त वाटतं. भाच्याला तरी बघण्याचे पैसे लावायला शिकवा.

ती हिरवी पिन मी मागून घेतली होती. आता प्रयोगशाळेत एका लाकडी फळीवर बसवलीय, एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला तुमच्यासारखाच 35 वॅटचा बल्ब. पोरं आधी बल्बाशिवाय मोजतात आणि "सर, वायर ओके" म्हणतात. मग मी बल्ब लावायला सांगतो आणि गप्प बसतो. तुमच्याकडून ते गप्प बसणंही उचललंय, पण मला अजून नीट जमत नाही, उत्तर लगेच तोंडात येतं.

टेंबलाईचा मित्र विचारत होता, हल्ली गाडी लावायला येत नाहीस. त्यालाही तुमचा पत्ता दिलाय, त्याच्या स्कूटरचा इंडिकेटर मनाला येईल तसा लागतो.

आणि तुमची एक टाचणी चुकून माझ्या शर्टाला टोचलेली घरी आली. शनिवारी दुपारी आणून देतो. चहा मी सांगणार, तेवढं ऐका.

आपला,
काट्याकडे न बघणारा मास्तर