सुमे, दोष तुझ्या हाताचा नाही

प्रिय सुमी,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, वाढदिवसाला फोनही नाही. रागव, तुझा हक्कच आहे. पण परवा तू पाठवलेला त्या थरांच्या पुडिंगचा फोटो पाहिला आणि हातातलं काम तसंच ठेवून लिहायला बसले. काचेच्या बाउलच्या कडेनं वर चढलेला तो पिवळा ओघळ, एका अंगाला कललेलं क्रीम, तळाच्या पाण्यात बुडालेले अननसाचे तुकडे आणि खाली तुझा एकच शब्द, "संपलं". दुसऱ्या कुणी पाहिला असता तर "चव चांगली होती ना, मग झालं" म्हणून सोडून दिलं असतं. त्या बाउलसाठी तू किती वेळ उभी होतीस ते मला दिसलं.

माझी तब्येत ठीक. गुडघा जिथे होता तिथेच आहे.

तर जेली बसलीच नाही, जिलेटीन जुनं निघालं असं तू लिहितेस. सुमे, जिलेटीन चांगलंच होतं, त्याला अननसानं खाल्लं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं आणि जिलेटीन म्हणजे निव्वळ प्रथिन. रात्रभर काय, आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलं असतंस तरी ते बसलं नसतं. पपई, किवी आणि अंजिराचंही तेच. अननस फ्रीझरमध्ये ठेवूनही उपयोग नाही, गोठवल्यानं एन्झाइम मरत नाही. उष्णतेनं मरतं. म्हणून तुकडे त्यांच्याच रसात पाच मिनिटं चांगले उकळू द्यायचे आणि गार करून मग वापरायचे. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो. "शिजवला की अननसाचा वास जातो" हे तुझं म्हणणं खरं आहे, त्यावरून आपलं जे भांडण झालं त्यात तेवढा मुद्दा तुझा. म्हणून ताजा अननस हवाच असेल तर तो सगळ्यात वर, वाढायच्या वेळी. खालच्या थरात मात्र शिजवलेलाच.

आणि क्रीम कडू लागलं असं नंदा म्हणाली ना? ती बरोबर बोलली. तू क्रीमच्या मधोमध किवीच्या चकत्या लावल्यास. किवीचं एन्झाइम दुधाची प्रथिनंही तोडतं आणि तुटलेल्या प्रथिनांची चव कडवट असते. पहिल्या तासात कळत नाही, सकाळपर्यंत कळतं. बिचारी साखर कमी पडली म्हणून तू स्वतःला बोल लावत बसलीस.

पुढच्या महिन्यात चाळीस जण येणार आणि "पुन्हा करू की नको" असं तू विचारतेस. कर. पण जिलेटीनवर करू नकोस, चायना ग्रास घे. जिलेटीन तोंडात विरघळतं, त्याची मजा तीच, कारण ते तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. उन्हाळ्यात गच्चीवर मांडलेल्या बाउलभोवतीची हवाही तेवढीच तापलेली असते. चायना ग्रास साधारण पस्तीस-चाळीस अंशांवर बसतं आणि एकदा बसलं की पुन्हा वितळायला ऐंशी अंशांच्या वर तापवावं लागतं. ते समुद्री शेवाळातून काढतात, जिलेटीनसारखं प्राण्यांपासून नाही, म्हणजे शाकाहारी पाहुण्यांचा प्रश्नही सुटला. पावडरच घे. पट्ट्या असतील तर चमच्यानं मोजू नकोस, वजन कर.

एका साडेतीन लिटरच्या, सरळ कडांच्या काचेच्या बाउलचा हिशोब लिहिते. सोळा जणांना पुरतो. चाळिसांना तीन बाउल कर, एकच मोठा नको. खोल भांड्याचा मधला भाग गार व्हायला फार वेळ घेतो आणि वरच्या ओझ्यानं खालचं क्रीम दबतं.

आंब्याचा चारशे ग्रॅम गाळलेला रस, दोनशे मिली पाणी, चार ग्रॅम चायना ग्रास पावडर, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे. पावडर गार पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटं भिजू दे. मग ढवळत उकळी आण आणि उकळी आल्यावर पूर्ण दोन मिनिटं ठेव. चमच्यावर घेऊन उजेडात धर. एकही कण दिसता कामा नये. कण राहिले तर ते बसणार नाही आणि तू पुन्हा पावडरला दोष देशील. रसात साखर घालून तो दुसरीकडे कोमट करून ठेव. इथेच सगळे चुकतात. फ्रीजमधला गार रस गरम चायना ग्रासमध्ये ओतला की ते जागच्या जागी गोळे धरतं आणि मग कितीही घोटलं तरी वाळूसारखं लागतं. आंबट रस असेल तर तो चायना ग्रासबरोबर उकळू नकोस. आंबटपणात उकळलं की त्याची पकड कमी होते. खाली उतरवल्यावरच मिसळ.

आता क्रम. तू तळाला बिस्किटांचा चुरा घालून त्यावर जेली ओतलीस. गरम जेली चुऱ्यातलं लोणी वितळवते आणि चुरा वर तरंगतो. म्हणून जेली सगळ्यात खाली, थेट काचेवर, सर्वात आधी. ओट्यावर अर्ध्या तासात बसते. मग फ्रीजमध्ये टाक आणि पुढचं सगळं गारच घाल. दोन रंगांची जेली हवी असेल तर पहिली पूर्ण घट्ट व्हायची वाट पाहू नकोस. बोटाला अजून चिकटते आहे तोवर दुसरी कोमट, पळीच्या पाठीवरून ओत. पूर्ण बसल्यावर ओतलीस तर थर एकमेकांना धरत नाहीत आणि वाढताना वरचा सुटून येतो.

क्रीम पाचशे मिली, स्निग्धांश पस्तीस टक्क्यांच्या आसपासचं. वीस-पंचवीस टक्क्यांचं स्वयंपाकाचं क्रीम कितीही फेटलंस तरी फुगत नाही, तिथे हात दुखवू नकोस. भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव आणि फेटताना भांडं बर्फाच्या पाण्यात बसव. क्रीम कोमट झालं की त्यातली चरबी मऊ पडते आणि हवा धरत नाही. अडीचशे ग्रॅम क्रीम चीज मात्र उलट, बाहेर काढून मऊ होऊ दे, साठ ग्रॅम पिठीसाखरेबरोबर आधी ते गुळगुळीत घोट. गार घातलंस तर गाठी राहतात. त्यात फेटलेलं क्रीम तीन वेळा करून, हलक्या हातानं वरखाली मिसळ. हे क्रीम चीजच नंतर सगळ्याला उभं ठेवतं. शरदनं फेटलेल्या क्रीमचं भांडं डोक्यावर उलटं धरायची पैज लावली होती आठवतं? वहिनी पदर डोक्यावर घेऊन बसल्या होत्या! या कामाला तितकं फेटलेलं क्रीम नको. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांब. मिसळताना ते आणखी घट्ट होतंच. पुढे गेलीस तर आधी दाणेदार दिसेल आणि मग लोणी.

फळं सातशे ग्रॅम. आणि इथे आपलं दुसरं जुनं भांडण. स्ट्रॉबेरीवर साखर घालून थेट थरात लावू नकोस! साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते. तुझ्या फोटोतला तो गुलाबी तळवट म्हणजे तेच पाणी. गोड हवी तर चिरून दोन चमचे साखर घालून अर्धा तास चाळणीत ठेव, खाली जो पाक जमेल त्यात बिस्किटं बुडव आणि फळं कापडावर अक्षरशः टिपून कोरडी कर. गोठवलेली फळं थरात नकोतच, सुटली की नुसतं पाणी. सफरचंद आणि केळं काळं पडतं, लिंबाच्या रसात फिरवून घे, नाहीतर त्यांना सुट्टी दे. काचेला टेकणाऱ्या चकत्या आधी लाव, कडेनं गोल, आणि मग मध्ये क्रीम भर. उलट केलंस की काचेवर क्रीमचे डाग पडतात आणि थर दिसतच नाहीत.

दोनशे ग्रॅम बिस्किटांना ऐंशी ग्रॅम वितळवलेलं लोणी. लोण्याचा थर बसला की चुरा ओल धरायला वेळ घेतो. तरी क्रीमच्या मधोमध रात्रभरात तो केकसारखा मऊ होणारच आणि तो तसा चांगला लागतो. नानींना कुरकुरीत लागतं, त्यांच्यासाठी मूठभर डब्यात वेगळा ठेव आणि वाढताना वर घाल.

आदल्या संध्याकाळी कर. आठ तास तरी बसू दे, पण चोवीस तासांपुढे नको. वर ताटली झाक, फ्रीजमधल्या कांद्याचा वास क्रीम सर्वात आधी उचलतं. बाउल बर्फानं भरलेल्या परातीत ठेव आणि तिन्ही एकदम बाहेर काढू नकोस. एक संपला की दुसरा. दुधाचं आहे, दोन तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. उरलेलं परत फ्रीजमध्ये ठेवायच्या मोहात पडू नकोस.

मला एकच धास्ती आहे. तू हे सगळं वाचशील, मान डोलावशील आणि त्या दिवशी घाईत रस गारच ओतशील. आधी एकदा चार वाट्यांत करून बघ ना. शंभर मिली रसाला पन्नास मिली पाणी आणि अर्धा छोटा चमचा चायना ग्रास, बस. बोटानं दाबून बघ, तुटायला हवं पण ताणायला नको.

नव्या घराचं पाणी नीट येतंय का? धाकट्याचा निकाल कळव. तुझा ब्लडप्रेशर बरा असेल असं धरून चालते, गोळी चुकवू नकोस. वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
वासू

ता. क. किवी सगळ्यात वर, वाढायच्या अर्धा तास आधी. क्रीमला टेकू देऊ नकोस, मध्ये आंब्याच्या फोडी ठेव.