आई, अ‍ॅसिडची बाटली खाली ठेव

घोडबंदर रोड, ठाणे
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आई "बरं बरं, नाही करत" म्हणते आणि लगेच "जेवलीस का?" विचारून विषय बदलते. म्हणून हे लिहून पाठवते आहे. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मग फ्रिजवर लावून ठेवा.

बुधवारी तुम्ही म्हणालात, "आईला जरा ठसका लागला होता, आता बरी आहे." खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. टाइल्सच्या सांध्यांवर आईने आधी अ‍ॅसिड ओतलं. काळं जाईना म्हणून त्यावरच ब्लीच ओतलं. डोळे चुरचुरले, घसा धरला, तरी स्टुलावर बसून ब्रश घासत राहिली. आणि दार आतून लावलेलं. का, तर वास बाहेर येऊन बाबांचा दमा उठू नये. आई, तू ते दार लावून घेतलंस, हे ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांपुढून ते बंद दार हलत नाही.

अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बाबा, तुम्ही दहावीच्या पोरांना पहिलं महायुद्ध शिकवायचात. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी खंदकांवर सोडला तो हाच वायू. आपल्या बाथरूममध्ये थोडा सुटला, पण खोली एवढीशी, दार बंद आणि आत सत्तरीची बाई. कमोडसाठी आणतो त्या लिक्विडमध्येही बहुतेक वेळा हेच अ‍ॅसिड असतं, त्यामुळे तेही ब्लीचला लागता कामा नये. लिंबू नको, व्हिनेगरही नको. ब्लीच वापरायचं तर ब्लीच आणि पाणी, बस्स. आणि पुन्हा कधी तसा उग्र वास आला तर धुवायला थांबायचं नाही. आहे तसं टाकून बाहेर यायचं आणि घराच्या खिडक्या उघडायच्या. खोकला थांबला नाही किंवा दम लागला तर मला फोन करण्याआधी डॉक्टरांकडे जायचं.

तू हे कशासाठी केलंस तेही मला माहीत आहे. गणपतीला माझ्या सासरची माणसं येणार, ती बाथरूममध्ये जाणार, काय म्हणतील? आई, त्यांच्या बाथरूममध्येही हेच काळं आहे, मी रोज बघते. नेरूळला काय नि ठाण्याला काय, या दिवसांत हवाच ८० टक्क्यांच्या वर ओली असते. ती बुरशी आहे. तुझ्या स्वच्छतेत काही कमी पडलं म्हणून ती आलेली नाही. तिला फक्त ओल लागते आणि थोडं खायला, ते साबणाच्या थरात आणि अंगाच्या तेलात मिळतं.

अ‍ॅसिडचं अजून एक सांगायचं राहिलं. टाइल्समधला पांढरा भराव सिमेंटचा असतो. अ‍ॅसिड बुरशीला मारण्याआधी त्या सिमेंटलाच खातं. तुला वाटतं, घासल्यावर कसं लख्ख पांढरं झालं. पण वरचा पापुद्रा विरघळून गेला म्हणून ते पांढरं दिसतं. खाली राहतं ते खरखरीत आणि भोकाभोकांचं, ते पाणी आणखी पितं आणि पुढच्या वेळी लवकर काळं पडतं. गेल्या महिन्यात आले होते तेव्हा नळाखालच्या सांध्यावर मी पाण्याचा एक थेंब ठेवून पाहिला होता. मोजून तीन सेकंदांत तो आत जिरला आणि तेवढाच भाग गडद झाला. गीझरखालच्या कोपऱ्यात तू कधी अ‍ॅसिड टाकत नाहीस. तिथे थेंब मण्यासारखा वर बसून राहिला.

तेव्हा आता आठवडाभर काही टाकायचं नाही. नुसत्या पाण्याने दोन-तीनदा भरपूर धुऊन घ्या, म्हणजे अ‍ॅसिडचा अंश जाईल. बाकीचं मी आल्यावर करेन. आधी साबणाच्या पाण्याने थर काढायचा. मग एक वाटी ब्लीच आणि सोळा वाट्या गार पाणी असं करून टिश्यू पेपरच्या वळकट्या त्यात भिजवायच्या आणि काळ्या सांध्यांवर चिकटवून तासभर ठेवायच्या. नुसतं शिंपडलं तर भिंतीवरून ओघळून जातं. खिडकी-दार उघडं, हातात मोजे, आणि बाबा तेवढा वेळ ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाकाठी फेरी मारायला. हे काम मी करणार. आई, तू नाही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन वर्षंही झालेली नाहीत आणि ओल्या फरशीवर ब्लीच साबणाहून बुळबुळीत होतं.

काचेच्या पार्टिशनखालची पट्टी मात्र घासून कधीच पांढरी होणार नाही. ते सिलिकॉन आहे. त्यात काळे ठिपके आतपर्यंत गेलेत, वरून कितीही ब्लीच लावलं तरी आतले दिसतच राहणार. मागच्या वर्षी प्लंबरने जुन्या पट्टीवरच नवीन पट्टी ओढली. तेव्हा मला कळलं नव्हतं, नाहीतर मी तिथेच थांबवलं असतं. सिलिकॉनवर सिलिकॉन धरत नाही. मधल्या फटीत पाणी शिरलं की बुरशीला ती बंद ओलसर खोलीच मिळाली.

माझ्याकडे जूनमध्ये हेच झालं होतं. ब्लेडने एक टोक सोडवलं आणि ओढलं तर हातभर रबरी पट्टी एकसंध निघून आली. वरून करडी आणि खालून शाईसारखी काळी. तिच्या खाली बोटाला लागलं ते पाणी किती दिवस तिथे होतं कोणास ठाऊक, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्यासारखा वास होता. काठांना राहिलेले बारीक तुकडे खरवडायला मला पट्टी काढण्याच्या दुप्पट वेळ लागला, पण तेच महत्त्वाचं. नखाने घासून बघायचं. बोट अडखळलं की तिथे जुनं सिलिकॉन आहे. मग स्पिरिटने पुसलं, रात्रभर टेबलफॅन लावून वाळवलं, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, पट्टी भरली, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत टेप काढली. पावसाळा निम्मा उलटला, अजून एक ठिपका नाही. तुमच्यासाठी बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन आणून ठेवलं आहे. न्यूट्रल प्रकारचं घेतलंय, म्हणजे व्हिनेगरसारखा तो आंबट वास बाबांना सहन करावा लागणार नाही.

खड्डे पडलेले सांधे खरवडून त्यात इपॉक्सी, म्हणजे सिमेंटऐवजी राळेचं मिश्रण, भरून घ्यायचं आहे. ते पाणी पीत नाही. पण ते भराभर घट्ट होतं, सराईत हात लागतो. गणपती झाले की कारागीर बोलावू.

बाबा, आता तुमच्याकडे. आंघोळ झाली की तुम्ही लगेच एक्झॉस्ट फॅन बंद करता. तो फॅन ४० वॉटचा आहे. तुम्हा दोघांच्या आंघोळीनंतर अर्धा-अर्धा तास चालू ठेवला तरी महिन्याला सव्वा युनिटच्या आत. कृपा करून तो चालू ठेवा आणि दार चार बोटं उघडं असू द्या. बाहेरची हवा आत आलीच नाही तर फॅन ओढणार काय? कबुतरांसाठी खिडकीच्या काचपट्ट्यांवर तुम्ही ठोकलेली प्लायवुडची फळी काढायला लागेल. तिच्या जागी जाळी बसवू. कबुतरं येणार नाहीत आणि हवा येईल.

वायपर फक्त फरशीवर नको, भिंतीवरूनही एकदा वरून खाली फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. ओली जागा २४ ते ४८ तासांत पूर्ण वाळली तर बुरशी सहसा धरत नाही, पण आपली जागा वाळायच्या आत दुसऱ्या दिवसाची आंघोळ होते. म्हणून मी वायपरचा एवढा हट्ट धरते. आणि हे काम बाबांचं, आईचं नाही.

आणखी एक काम. कमोडमागच्या कोपऱ्यात मी कोरडं पुसलं तरी सकाळी ओल होती. अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या पाण्याचा छोटा नळ, झिरपतो असा संशय आहे. रात्री झोपताना त्याखाली टिश्यूची घडी ठेवा आणि सकाळी ओली आहे का ते मला कळवा. ओली असेल तर प्लंबरला शुक्रवारच्या आत बोलवा. थेंब चालू असेल तर बाकी सगळं करून उपयोग नाही.

मी शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट पनवेल लोकलने येते. रात्री सांधे धुणं आणि जुनी पट्टी काढणं होईल. शनिवारी सकाळी आंघोळ नाही, अंग पुसून घ्या. दुपारी नवीन पट्टी भरली की चोवीस तास तिला पाणी लागू द्यायचं नाही. तेव्हा दोघांनी माझ्याबरोबर ठाण्याला यायचं. शेजारच्या काकूंकडे आंघोळीला जाईन वगैरे, आई, मनात आणू नकोस. बाबांचा पंप, तुझा गुडघ्याचा पट्टा आणि दोन दिवसांचे कपडे शुक्रवारीच बॅगेत भरून ठेव. रविवारी संध्याकाळी मी सोडायला येते.

अ‍ॅसिडची बाटली सिंकखालून काढून वर माळ्यावर ठेवा. बाबा, तुम्ही नका चढू. मी आले की ठेवते, तोवर बाल्कनीच्या कोपऱ्यात असू दे, झाकण घट्ट लावून.

तुमची,
धाकटी