वहीचं काय करू, सांग

दांडिया बाजार, बडोदे
उत्तरायण आटोपल्यावर

प्रिय शिऱ्या,

इकडे सगळे ठीक. आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, माझी शुगर आटोक्यात आहे. तब्येतीचं एवढंच. आता मुद्द्याचं ऐक. तिसरी तार, शिऱ्या. तिसरीच!

समोरच्या काकूंची नात, ती उंच, चष्मेवाली, गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे गिटार शिकायला येते. परवा आली, गिटार जुळवली आणि एक अक्षर न बोलता पाको दे लुसियाची, आपल्या त्या स्पॅनिश फ्लामेंको गिटारवाल्याची, ती धावती जागा वाजवली. तीच, जी दुसऱ्या तारेवरची की तिसऱ्या यावरून तू सूरसागर तलावाच्या कठड्यावर माझ्याशी भांडलास आणि शेवउसळ अर्धी टाकून घरी निघून गेलास. मुलीने सगळी जागा तिसऱ्या तारेवर घेतली. मी मुद्दाम म्हटलं, दुसरीवर हाताला सोपी पडेल. तर म्हणाली, "काका, दुसरी तार इतकी बसकी बोलत नाही."

अंगावर काटा आला रे. मोकळी पहिली तार, दुसरीचा पाचवा फ्रेट, म्हणजे पडदा, तिसरीचा नववा फ्रेट, तिन्हीकडे स्वर एकच, 330 हर्ट्झच्या जवळचा. स्वर ओळखणारे पुष्कळ भेटतात. तो कुठल्या तारेतून आला हे ऐकणारा मला तुझ्यानंतर कुणी भेटला नव्हता. नायलॉनची तिसरी तार जाड असते, बिनवेढ्याची असते, म्हणून दबकी बोलते, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. खालच्या वेढ्याच्या तारांवर बोटं सरकताना होणारी चिरकसुद्धा तिने टिपलीय. हात कुठून कुठे गेला ते ती त्या चिरकेवरून सांगते. आणि दोन स्वर एकमेकांवर रेंगाळले तर ते एका तारेवरचे असूच शकत नाहीत, हेही तिचं तिनेच काढलं.

आपल्याला हे कळायला तात्यांचा रेकॉर्ड प्लेअर लागला होता. आठवतं ना? मिनिटाला 33 फेऱ्यांची तबकडी 16 च्या वेगावर लावायची, वेग निम्मा आणि सूर बरोबर एक सप्तक खाली. मग बॅलन्सचं बटण पार डावीकडे फिरवलं की फक्त पाको, उजवीकडे फिरवलं की फक्त त्याचा जोडीदार गिटारवादक अल डी मेओला. 5 डिसेंबर 1980 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरात झालेल्या त्या मैफिलीच्या रेकॉर्डिंगात ज्याने कुणी त्या दोघांना असं दोन बाजूंना बसवलं, त्याचे आपल्यावर उपकार आहेत. डावीकडे पाको, म्हणून ऐकून ऐकून स्वर उतरवलेल्या आपल्या वहीत डावी पानं माझी आणि उजवी तुझी. तात्या आतून ओरडायचे, "कोण रे रुद्रवीणा लावतंय?" आणि तू "अब्बन मियाँ!" असं काहीतरी ठोकून द्यायचास. तात्या दोन दिवस त्या अब्बन मियाँचं घराणं आठवत बसले होते.

आता संगणकावर सूर न उतरवता वेग कमी करता येतो. मुलगी तसंच ऐकते. पण फार हळू केलं की स्वराचा आघात फिसकटतो आणि स्वर नखाने छेडलाय की डाव्या हाताने नुसता ओढलाय ते कळत नाही. 16 च्या स्पीडवर नखाची टक तशीच राहायची. म्हणून तिला एक दिवस माळ्यावरचा प्लेअर काढून ऐकवला. तिथेच माझ्या तोंडून वहीचा विषय निघाला, आणि आता ती वही मागतेय.

मला रात्री झोप येत नाही, इतका हा प्रश्न डोक्यात बसलाय. द्यावी का?

परवा वही काढून पाहिली. कोमलाखाली आडवी रेघ, तारसप्तकाला वर टिंब, एका मात्रेतल्या सहा स्वरांखाली अर्धचंद्र, सगळं भातखंडे पद्धतीने, आणि खाली लाल शाईत तारेचा आकडा. त्या भांडणाच्या जागी माझा ३ आहे, त्यावर तू दाबून लिहिलेला २ आहे, आणि तिथे कागद फाटलाय. मुलीने हे पान आधी पाहिलं असतं तर तिने दोघांपैकी एकाचं ऐकलं असतं. तिने पाकोचं ऐकलं, म्हणून तर ती जागा अशी वाजली. पाको स्वतः वडिलांकडून, भावाकडून कानाने शिकलेला.

पण न द्यायची म्हटली तरी पोटात कालवतं. ज्या गावात मौलाबक्षांनी 1886 मध्ये गायनशाळा काढली, स्वतःची स्वरलिपी केली, जिथे 1916 मध्ये भातखंड्यांनी पहिली संगीत परिषद भरवली, त्या गावात बसून मी वही कपाटात ठेवायची? चिजा लपवणाऱ्या उस्तादांना आपण दोघांनी किती शिव्या घातल्यात! आणि मुलीला वेळ तरी कुठाय? बारावी, मग कॉलेज, मग कुठे जाईल कोण जाणे.

तू म्हणशील, गिटारवादक स्टीव्ह वायने ऐकून लिहिलेलं फ्रँक झॅपाच्या गिटार सोलोंचं पुस्तक 1982 मध्ये छापलं, जगाला मिळालं, काय बिघडलं? हे तू तेव्हाही म्हणायचास. माझं उत्तर तेच आहे. त्या लिहिण्याने पहिल्यांदा वायचा कान झाला. वाचणाऱ्याला स्वर मिळतात, पण पन्नास वेळा सुई मागे घेताना जे कानात मुरतं ते मिळत नाही.

म्हणून मला वाटतं, तिने आधी स्वतःचं पान लिहून आणावं, मग आपलं पान शेजारी ठेवावं. जिथे पटणार नाही तिथे तबकडी लावायची आणि निकाल कानाने द्यायचा. तिचं बरोबर निघालं तर आपल्या वहीत तिच्या हाताने तिसरा रंग पडेल. मला ते फार आवडेल. पण अर्धी वही तुझी आहे. तुझ्या होकाराशिवाय मी ती कुणाच्या हातात देणार नाही.

वहिनींची बदली झाली का? नव्या घराचं कळलं, छान झालं. लेकीला आशीर्वाद, काकूंना नमस्कार. गुडघ्यासाठी जिने टाळ.

तिची परीक्षा संपली की ती विचारायला येणारच. त्याच्या आत लिही. फोन करू नकोस, फोनवर तू पाच मिनिटांत "तुला वाटेल ते कर" म्हणून मोकळा होतोस.

तुझा,
नंदू

ता. क. उजव्या बाजूची शेवटची काही पानं तू पुण्याला नेलीस ती परत आलेली नाहीत. सापडली तर झेरॉक्स कुरियर कर. मोबाइलवरचा फोटो नको, तुझ्या पेन्सिलीच्या खुणा त्यात दिसत नाहीत.