अध्यक्षाच्या खुर्चीवरची बाई

महोदय,

8 मार्चच्या आपल्या पुरवणीत कायदा आणि राजकारणातल्या आद्य स्त्रियांबद्दल वाचलं. कॉर्नेलिया सोराबजींपासून बऱ्याच जणी होत्या, पण विदर्भातली एकही नव्हती. (मागचं अख्खं पान मात्र साड्यांच्या जाहिरातीला होतं.)

माझी आजी पवनीजवळच्या खेड्यात बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पत्र्याच्या मापाने कापलेली तेंदूची पानं. हजार बिड्या नेऊन दिल्या की घेणारा त्यातल्या मूठ-दोन मुठी खराब म्हणून बाजूला टाकायचा, आणि त्या परतही द्यायचा नाही. ही आजी जुलै 1942 मध्ये छोट्या लाइनच्या गाडीने नागपूरला गेली. 20 तारखेला दलित वर्गातल्या महिलांची परिषद होती, बाबासाहेब येणार होते. पण आजी सांगायची ते निराळंच: "अध्यक्षाच्या खुर्चीवर बाई बसली होती वं माय!"

त्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. परिषदेने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला बंदी मागितली, गिरण्या-बिडी कारखान्यांतल्या बायांना रजा मागितली आणि कायदेमंडळात स्त्रियांसाठी राखीव जागाही. हिंदू विवाह कायदा यायला 1955 उजाडलं. ग्रामपंचायतीत देशभर एक तृतीयांश राखीव जागा आल्या त्या 1993 मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने. लोकसभा-विधानसभेसाठीची दुरुस्ती 2023ची, तिलाही आधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना हवी.

तशाच राखीव जागेवर मी पाच वर्षं सरपंच होते. सुरुवातीला ठरावाचं रजिस्टर घरीच यायचं, तेही यजमानांच्या हाती: "भाऊ, वहिनीची सही घेऊन ठेवा." चौथ्या वेळी मी ते परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन मागची पानं वाचली. नळाच्या पाइपलाइनचा ठराव माझ्याच सहीने मंजूर झाला होता, आणि ती लाइन आमच्या मोहल्ल्याच्या अलीकडेच थांबत होती.

1937 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड विधानसभेच्या उपाध्यक्ष झालेल्या नागपूरच्या अनसूयाबाई काळेही पुरवणीत दिसल्या नाहीत. पुढच्या वर्षी दोघींना जागा द्या. सुलोचनाबाईंचा त्या परिषदेतला फोटो जुन्या फायलींत सापडला तर जरा मोठा छापा. आजीने सांगितलेली खुर्ची मला एकदा बघायची आहे.

– एक माजी सरपंच, ता. पवनी, जि. भंडारा