वाचनयादी परीक्षेआधी द्या

महोदय,

ख्रिस्ती शाळांनी सहावी ते आठवीची उन्हाळी वाचनयादी परीक्षेपूर्वीच द्यावी. निकालाच्या दिवशी दिलेली यादी वाया जाते, कारण घरोघरी गावी निघायची घाई असते आणि ग्रंथालयात एखादीच प्रत असते. प्रत्येक पुस्तकाला पर्याय ठेवावा.

तीन पुस्तके पुरेत. बायबल उत्पत्ती या पहिल्या भागापासून सलग वाचायला लावले, की निर्गम या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मापांशी मुले अडतात आणि पुस्तक मिटते. त्यापेक्षा मार्कचे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलीच येशूची कथा, द्यावे. अध्याय 16, प्रसंग वेगवान. आठवड्याला तीन अध्याय घेतले तर सहा आठवड्यांत होते.

मराठीत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातील निवडक प्रकरणे घ्यावीत. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, आणि भाषा घरात बोलल्यासारखी. इंग्रजी माध्यमाची मुले देवनागरी सावकाश वाचतात, म्हणून रोज पाचच पाने, आणि पहिले पान आजी-आजोबांसमोर मोठ्याने. तिसरे पुस्तक मुलाच्या पसंतीचे असावे. ते चित्रकथांचे असले तरी नाही म्हणू नये.

सारांश मात्र मागू नका, तो मोबाइलवरून उतरवला जातो. आठवड्याला वहीचे एक पान पुरे: पानाचा क्रमांक, एक अडलेला शब्द, एखाद्या पात्राला विचारावासा प्रश्न. जूनमध्ये शाळा उघडल्यावर शिक्षकांनी ते पान समोर ठेवून प्रत्येकाशी पाच मिनिटे बोलावे. गुण देऊ नयेत.

– एक ग्रंथपाल, नाशिक